बेसच्या तारा कधी बदलायच्या? की बदलायच्याच नाहीत?

खर्जवाला (धागाकर्ता)

ठाण्यात आमचा एक हौशी ऑर्केस्ट्रा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातली हिंदी गाणी, थोडी मराठी भावगीतं, गणपतीत दोन-चार सोसायट्या, मध्येच कुणाची एकसष्टी, असा कारभार. मी बेस (खर्जातली गिटार) वाजवतो. साधी चार तारांची पॅसिव्ह (बिनबॅटरीची) बेस, निकेलच्या राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारा, ४५ ते १०५ गेज, म्हणजे जाडी. त्या चढवून दीडेक वर्ष झालं असेल. परवा तालमीत आमचा लीड गिटारवाला (हा दर महिन्याला तारा बदलतो आणि बदलल्या की सगळ्यांना सांगतोही) म्हणाला, "तुझ्या तारा मेल्यात. नुसतं ढब ढब वाजतंय."

आता मला ते ढब ढबच आवडतं! आर.डी. बर्मनच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे, ती गाणी ऐका. बेस गोल, आखूड, कुठेही टणत्कार नाही. नव्या तारा लावल्या की पहिले पंधरा दिवस माझीच मला वाजवावीशी वाटत नाही. शिवाय बेसचा बरा सेट दोन-अडीच हजारांच्या खाली येत नाही. गिटारवाल्याचे तेवढ्यात दोन-तीन सेट होतात, त्याला बोलायला काय जातंय?

तर माझं मत असं की बेसची तार तुटेपर्यंत चालवावी. पण इथे वाजवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही कधी बदलता आणि कशावरून ठरवता? आणि तारा उकळल्या की नव्या होतात म्हणतात, ते खरं की थाप?

टवाळ

उकळताना आलं आणि गवती चहा घाला. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

मडगांवकार

मी लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हंगाम, एकेका रात्री चार-पाच तास, बहुतेक वेळा समुद्राकाठी उघड्यावर. खारी हवा, वर घाम. हंगामात महिना-दीड महिन्यात तारा बदलाव्याच लागतात. पावसाळ्यात काम थंड, तेव्हा तोच सेट चार महिने सहज जातो. म्हणून "किती दिवस" हा हिशेबच मला पटत नाही. किती तास वाजवली आणि कुणाच्या बोटांनी वाजवली ते विचारा. आमच्याकडे आधी जो बेसिस्ट होता त्याचा घाम इतका जहाल की दोन आठवड्यांत तारा काळ्या पडायच्या. माझा भाऊ घरी वाजवतो, त्याच्या हातात त्याच कंपनीच्या तारा सहा महिने लखलखीत.

मी स्लॅप बराच करतो. अंगठ्याने तार ठोकली की जो खणखणीतपणा लागतो तो जुन्या तारेतून निघत नाही, कितीही ट्रेबल वाढवा. तुम्हाला स्लॅप करायचाच नसेल तर तुमचं गणित वेगळं.

आणि हो, चार तारांत (जाडीकडून ई, ए, डी, जी) सगळ्यात आधी ई ची जाड तार जाते. जी ची तार त्यानंतरही बरेच दिवस तग धरते.

डेट्रॉइटचा पाव्हणा

मी राहतो त्या गावाचं नाव या धाग्यात निघणारच, तर मीच काढतो.

साठच्या दशकात इथल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांवर बेस वाजवला तो जेम्स जेमरसनने. १९६२ ची फेंडर प्रिसिजन, तारा ला बेला कंपनीच्या फ्लॅटवाउंड (वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या), ५२ ते ११० गेज, म्हणजे आजच्या मानाने भलत्याच जाड. तुटल्याशिवाय तार बदलायची नाही हा त्याचा खाक्या. तारेवरच्या मळातच खरा आवाज आहे असं त्याचं मत होतं. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, पण त्यातून जे निघालं ते आजही लोक बसवत बसतात. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या ज्या घरात ही गाणी ध्वनिमुद्रित झाली तिथे आता संग्रहालय आहे. इकडे आलात तर चुकवू नका.

तेव्हा खर्जवाला, तुम्हाला +१. गिटारवाल्याला जेमरसन ऐकवा.

खर्जवाला

पाव्हणे, तोंडात साखर पडो. धाग्याचा दुवा गिटारवाल्याला पाठवतोय.

मंद्रसप्तक

इतक्यात पाठवू नका. पाव्हण्यांनी सांगितलं ते खरंच आहे, पण त्यातला फ्लॅटवाउंड हा शब्द तुमच्या नजरेतून निसटलेला दिसतो.

बेसच्या तारेत मध्ये स्टीलचा गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. राउंडवाउंडमध्ये ही वरची तार गोल, म्हणून दोन वेढ्यांमध्ये खाच राहते. बोटांचं तेल, घाम, मेलेली कातडी, सगळं त्या खाचेत जाऊन बसतं. फ्लॅटवाउंडमध्ये वर चपटी पट्टी गुंडाळतात, पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत, मळाला शिरायला जागाच कमी. मुळात त्यांचा आवाज पहिल्या दिवसापासूनच मवाळ असतो, त्यामुळे पुढे कमी व्हायलाही फारसं काही नसतं. म्हणून जेमरसनच्या तारा वर्षानुवर्षं चालल्या. तुमच्या राउंडवाउंड तुम्ही दहा वर्षं घासल्यात तरी तो आवाज यायचा नाही, फक्त मळ साठेल.

मळाने होतं काय? वेढ्यांची मोकळी हालचाल अडते आणि वरचे स्वरांश आधी मरतात. ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्‌झच्या आसपास. तो राहतो, पण त्याच्या दुप्पट, तिप्पट, दसपट कंपनांचे जे स्वरांश तारेला चमक देतात ते विझतात. जाड तारेत खाचा मोठ्या, म्हणून ई आधी जाते. मडगांवकार म्हणतात ते बरोबर आहे.

इथपर्यंत आवडीचा प्रश्न. कुणाला चमक आवडते, तुम्हाला ढब ढब. पण मळ सगळ्या लांबीवर सारखा बसत नाही. तुम्ही जिथे जास्त वाजवता तिथे तार जड होते. शिवाय रोज त्याच फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून तारेला खालून खळगे पडतात. वजन लांबीभर सारखं राहिलं नाही की तार स्वतःशीच बेसूर होते. तिथे आवडनिवड संपली.

बघायचं कसं: बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (घंटेसारखा हलका स्वर) वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही एकच आले पाहिजेत. नसतील तर ब्रिजवरचं (तारांच्या खालच्या टोकाच्या घोडीवरचं) सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, सरकवा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे (मानेपासून लांब), उतरा असेल तर पुढे. सॅडल कुठेही नेलं तरी जर बारावा फ्रेट जुळल्यावर पाचवा बिघडत असेल, तर ती तार बाद. वाटल्यास नखाने तारेच्या खालून चाचपत जा, खळगे हाताला लागतील.

बेसूर पण हजर

आमच्याकडे गायकच पाव स्वर खाली असतो. त्याला न बदलता मी तारा कशाला बदलू?

मिक्सवाला

ध्वनिमुद्रणाच्या बाजूने सांगतो. खर्जवाला, तुम्ही स्वतःचा बेस ऐकता तो अ‍ॅम्पच्या शेजारी उभं राहून. समोरच्या माणसाला काय ऐकू जातं ते वेगळं. सोसायटीच्या गच्चीवर दोन लहान स्पीकर लावून कार्यक्रम करता ना? त्या स्पीकरमधून ४१ हर्ट्‌झ नीट बाहेर पडतच नाही. ऐकणाऱ्याला बेस कळतो तो त्या वरच्या स्वरांशांवरून, कान खालचा स्वर आपला आपण जुळवून घेतो. मेलेल्या तारेत ते स्वरांशच नाहीत. मग "बेस ऐकू येत नाही" म्हणून आवाज वाढवायचा, की सगळीकडे घुमायला लागतं आणि तरी कुठला स्वर वाजतोय ते कळत नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओत तुमचा बेस गायबच असेल. पैज लावतो.

मोठा सबवूफर असलेला मांडव असेल तर जुन्या तारा खुशाल चालवा, उलट छान बसतात.

स्टुडिओत येणाऱ्यांना मी तारा एक-दोन दिवस आधी बदलायला सांगतो. त्याच सकाळी बदलल्या तर पहिले काही तास सारख्या उतरतात आणि बोटं घासल्याचा कर्रकर्र आवाज मिक्समध्ये वर येतो.

नवशिकी

मध्येच विचारते, राग नको. माझ्या बेसची जी ची तार पाचव्या-सहाव्या फ्रेटवर पटकन विझते, बाकी ठिकाणी ठीक आहे. दुकानात म्हणाले तार बदला. बदलली. तरी तसंच! तार खराब निघाली का?

मंद्रसप्तक

नाही, तार बिचारी निर्दोष आहे. हा डेड स्पॉट. लांब मानेच्या, बोल्टने जोडलेल्या बऱ्याच बेसमध्ये जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असतो. मानेचं स्वतःचं एक कंपन असतं. तारेचा स्वर त्याच्याशी जुळला की तारेतली ताकद मान पिऊन टाकते. तोच स्वर डी तारेवर पाच फ्रेट वर वाजवून बघा, टिकेल. गिटारच्या डोक्याला एखादा छोटा क्लॅम्प लावून बघा, मानेचं वजन बदललं की ती जागा सरकते. त्यासाठी पुन्हा तारा विकत घेऊ नका.

उगाच एक

ज्यांची बेस अ‍ॅक्टिव्ह आहे त्यांनी तारांना शिव्या घालण्याआधी मागची ९ व्होल्टची बॅटरी बदलून बघा. बॅटरी उतरली की आवाज बसतो, फाटतो, आणि माणूस अडीच हजारांचा सेट घेऊन येतो. वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवत जा. जॅक आत राहिला की बॅटरी चालूच राहते.

धागाकर्त्यांची पॅसिव्ह आहे, त्यांना लागू नाही. पण धागा सगळेच वाचतात.

तंबोरेवाली

अवांतर होतंय, पण राहवत नाही. आमच्या घरी मिरजेचा तानपुरा आहे. त्याच्या तारा चार-चार वर्षं बदलत नाही आणि कुणी "मेल्या" म्हणत नाही. जवारी लागली नाही तर दोरा सरकवायचा, फारच झालं तर कारागिराकडून घोडी घासून घ्यायची. तुमच्याकडे एवढा गहजब का?

मंद्रसप्तक

अवांतर कसलं, चांगला मुद्दा आहे. तानपुऱ्याच्या तारा एकेरी असतात, वर काही गुंडाळलेलं नसतं, म्हणून खाचा नाहीत. तार फ्रेटवर दाबत नाही, नुसती मोकळी छेडता, म्हणून खळगे नाहीत. छेडणारं बोटही हलकं. तरी खर्जाची पितळी तार काळी पडली की ती आधी बदलावीशी वाटते की नाही?

तंबोरेवाली

वाटते. खर्जाचीच.

टवाळ

म्हणजे सगळीकडे खर्जवाल्यांचंच घोडं अडतं. धागाकर्त्यांनी आयडी बदलावा.

मधुरा४५१०५

उकळण्याबद्दल कुणीच नीट बोललं नाही, म्हणून मी. ते खरं आहे, थाप नाही. पण त्याने तार नवी होत नाही, स्वच्छ होते.

कृती: तारा उतरवताना खुंटीकडचं टोक सरळ करू नका, फार वाकवलं की तिथेच तुटतं. सैल वेटोळी करून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. पाण्याचा रंग बघून तुम्हाला स्वतःची लाज वाटेल. मग बाहेर काढून आधी कोरड्या फडक्याने पुसा आणि हेअर ड्रायरने अगदी आतपर्यंत सुकवा. इथेच लोक घाई करतात. गाभ्याजवळ ओल राहिली की आतून गंज धरतो आणि मग ती तार पहिल्यापेक्षा लवकर जाते. टोकांना रंगीत धागा गुंडाळलेला असतो तो उकळून सुटतो, त्याने आवाजाला काही होत नाही.

चमक परत येते, पण आठवडाभर, फार तर दोन. मळ निघाला तरी फ्रेटने पाडलेले खळगे तसेच राहतात. म्हणजे मंद्रसप्तक यांच्या बाराव्या फ्रेटच्या परीक्षेत जी तार नापास झाली ती उकळून पास होत नाही. कार्यक्रम उद्यावर आलाय आणि नवा सेट हातात नाही, तेव्हा करायची ही गोष्ट.

आणि त्या पातेल्यात पुन्हा काही शिजवू नका. माझ्या आईने ते पातेलं माझ्या नावाने वेगळं काढून ठेवलंय.

रसायनवाला

उकळण्यापेक्षा अल्कोहोल बरं. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पीव्हीसी पाइपचा तुकडा एका बाजूने बंद करा, तारा त्यात रात्रभर बुडवून ठेवा, वर बूच. तेल विरघळतं, पाणी जवळपास नाहीच म्हणून गंजाची भीती कमी, आणि सुकतंही झटकन. मात्र हे ज्वालाग्राही आहे. गॅसजवळ, देवघरातल्या निरांजनाजवळ नको, आणि खिडकी उघडी ठेवा.

मी दोन सेट आलटूनपालटून वापरतो. एक गिटारवर, एक पाइपमध्ये.

मडगांवकार

मला ही खटपट झेपत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी तारा उकळत कोण बसणार? पण एक करतो आणि ते फुकट आहे: वाजवायच्या आधी हात साबणाने धुतो आणि वाजवून झालं की सुती फडक्याने एकेक तार चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत पुसतो, खालची बाजूसुद्धा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. इकडच्या पावसाळ्यात एवढं केलं नाही तर न वाजवता ठेवलेल्या तारासुद्धा गंजतात.

बेसूर पण हजर

मध्यंतरात वडापाव खाऊन तशाच हाताने दुसरा अंक वाजवणारे आमचे बेसिस्ट हा धागा वाचत असतील तर कृपया हात वर करा. हात तेलकट असतील, दिसतीलच.

डेट्रॉइटचा पाव्हणा

मंद्रसप्तक, मान्य. फ्लॅटवाउंड आणि राउंडवाउंड एका मापाने मोजता येत नाहीत. दुसऱ्या टोकाचं उदाहरणही मीच देतो. 'द हू' या इंग्लिश रॉक बँडच्या बेसिस्ट जॉन एन्ट्विसलने १९६६ मध्ये रोटोसाउंड या तारांच्या कंपनीबरोबर बसून राउंडवाउंड तारा हव्या तशा करून घेतल्या, त्याला बेसमधून पियानोसारखा खणखणाट हवा होता. त्याला जुन्या तारा देऊन काय उपयोग? आणि जॅझ बेसिस्ट जॅको पास्टोरियसने फ्रेट काढलेल्या बेसवर राउंडवाउंड लावल्या. त्या लाकूड खातात म्हणून फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा थर चढवला, पण तारा बदलून मवाळ घेतल्या नाहीत. म्हणजे आधी आवाज ठरवायचा. तारा कोणत्या आणि किती दिवस, ते त्यावरून ठरतं.

मिक्सवाला

+१. शेवटचं वाक्य माझ्या स्टुडिओच्या दारावर लावतो.

खर्जवाला

सगळ्यांचे आभार. रविवारी बसून तपासलं.

एक, मिक्सवाला, मागच्या गणपतीचा मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला. बेस खरंच नाही. बायकोला विचारलं, ती म्हणाली, "मला वाटलं तू मागे नुसता उभा आहेस."

दोन, बाराव्या फ्रेटची परीक्षा. डी आणि जी पास. ए काठावर. ई चा बारावा जुळवला की तिसरा आणि पाचवा हलतो, सॅडलचा स्क्रू संपला तरी. खालून नखाला खळगे लागतात, आणि तेही आमच्या नेहमीच्या पट्टीतल्या स्वरांच्याच जागी.

म्हणजे तारा बदलायच्या हे नक्की. पण मला टणत्कार नकोच आहे, तर पुन्हा राउंडवाउंड कशाला घेऊ? फ्लॅटवाउंड घ्याव्या म्हणतो. महाग आहेत, पण चार-पाच वर्षं बघायला नको. मिक्सवाल्यांच्या लहान स्पीकरचं मात्र मग काय?

मिक्सवाला

फ्लॅटवाउंडमध्ये वरची चमक नसते, पण मधले स्वरांश चांगले भक्कम असतात. मेलेल्या राउंडवाउंडमध्ये तेही गेलेले असतात, शिवाय सूर डळमळीत. अ‍ॅम्पवर साधारण ७०० हर्ट्‌झच्या आसपास थोडं वाढवा आणि अगदी खालचं कमी करा. गच्चीवर ऐकू जाल.

मंद्रसप्तक

घ्या, तुमच्या गाण्यांना शोभतील. मात्र ताण बघून घ्या. साध्या चार तारांचा मिळून मानेवर पाऊणशे ते ऐंशी किलोंचा ओढा असतो, फ्लॅटवाउंडचे काही सेट त्याहून बरेच जास्त ओढतात. मान पुढे वाकली तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव-पाव फेरा फिरवत एक दिवस थांबा, पुन्हा बघा. जेमरसनच्या गेजच्या नादी लागू नका, नटच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत ती ई बसणारही नाही. ४५ ते १०५ च्या जवळपासचाच सेट घ्या.

चढवताना तार खुंटीपुढे साधारण चार बोटं... नको, नीट सांगतो: खुंटीपुढे दहा-बारा सेंटिमीटर ठेवा. तिथे आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. वाकवण्याआधी कापलं तर काही तारांचं वेटोळं सुटतं आणि अडीच हजार पाण्यात. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घालून दोन-तीन वेढे खालच्या दिशेने. शेवटी ब्रिजपाशी आणि नटपाशी तार अंगठ्याने हलकी दाबून बसवा, म्हणजे सूर लवकर स्थिरावतो.

नवशिकी

क्लॅम्प लावून बघितला. डेड स्पॉट खरंच सरकला! तो क्लॅम्प असाच ठेवून कार्यक्रमाला गेलं तर हसतील का?

टवाळ

हसतील. पण बेसिस्टकडे कुणी बघतं हे ऐकून आनंद झाला.

खर्जवाला

फ्लॅटवाउंड मागवल्या, ४५ ते १०५. धोबीतलावला जाऊन हाताने बघून घेणार होतो, पण शनिवारी तालीम आहे. गिटारवाल्याला अजून सांगितलेलं नाही, त्याला वाटेल त्याच्या सांगण्यावरून बदलल्या.

मधुरा४५१०५

जुना सेट टाकू नका हो. डी आणि जी पास झाल्यात म्हणालात ना? माझ्या पातेल्यात जागा आहे. ठाण्यालाच असते, येऊन घेऊन जाईन.